गाणं बंद, पट्ट्या चालू

या सदरातले अनुभव वाचून मी आजवर फक्त हसत आलो. कोणाला पिंपळाखाली बाई दिसते, कोणाला शेवटच्या एसटीत मेलेला मामा भेटतो… आम्ही ऑर्केस्ट्रावाले. मेटाडोरमध्ये सामान टाकून अख्खा वऱ्हाड पालथा घातला, स्मशानाला लागून असलेल्या शाळेत मुक्काम केले. मला कधी काही दिसलं नाही. आजही माझा भुतावर विश्वास नाही. पण जे घडलं त्यात भूत नव्हतंच, म्हणून कुठल्या खान्यात टाकावं तेच समजत नाही. तुमच्यापैकी कोणी साऊंडचं काम करत असेल तर वाचून सांगा.

माझं नाव दिलीप. अमरावतीत राजापेठेच्या मागे भाड्याच्या दोन खोल्यांत आम्ही तिघं राहायचो – मी, बायको वंदना आणि मुलगी मनू. मनू तेव्हा बालवाडीत होती. मी ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचो आणि गाण्यांची बांधणी करायचो. गायचा शकील. त्याचं अचलपूरला गाद्या-रजयांचं वडिलोपार्जित दुकान, पण जीव सगळा गाण्यात. माझा एकुलता एक मित्र.

तेव्हाचे वऱ्हाडातले पेपर ज्यांनी वाचलेत त्यांना सांगायला नको… सकाळी पहिलं पान उघडायची हिंमत व्हायची नाही. रोज कुठलं तरी गाव, कोणाच्या तरी घरात फवारणीचं औषध. कधी एकटा माणूस, कधी सगळं घर. बातमी वाचून वंदना पेपर उलटा ठेवायची. गावांतली लग्नं बिनवाजंत्रीची होऊ लागली होती, आमच्या सुपाऱ्या कमी झाल्या. तरी चाललं होतं.

मग मला ताप आला. साधा नव्हे, मेंदूपर्यंत गेलेला. दवाखान्यात शुद्धीवर आलो तेव्हा डोक्यावर पंखा गरगर फिरत होता आणि त्याला आवाज नव्हता. मला वाटलं, पंखा भारी कंपनीचा आहे. वंदना वाकून काहीतरी बोलत होती, तिलाही आवाज नव्हता. कानाच्या नसा गेल्या, असं डॉक्टरनं कागदावर लिहून दिलं. दोन्ही कान. कायमचे.

ऑर्केस्ट्रातल्या पोरांनी माझ्या जागी दुसरा कीबोर्डवाला उभा केला, तोही माझ्याच कीबोर्डवर. एकदा रिहर्सलला भेटायला गेलो तर ड्रमवाला माझ्यासमोर नुसते ओठ हलवायला लागला. मी "काय? काय म्हणतो?" विचारत राहिलो. सगळे पोट धरून हसत होते. तो काहीच बोलत नव्हता, हे मला शकीलनं त्याच्या कानाखाली मारली तेव्हा समजलं.

माझा स्वतःचा आवाजही माझ्या हातात राहिला नाही. ऐकू न येणाऱ्या माणसाचा आवाज हळूहळू सपाट होत जातो, चढतो, शब्द घासले जातात. मी बोलायला लागलो की वंदना हातानं "हळू, हळू" करायची. मनू सरळ माझ्या तोंडावर तळहात ठेवायची. मला बोललेलं थोडं ओठांवरून कळायचं, बाकीचं मनूच्या पाटीवर लिहावं लागायचं.

वंदना एका कोचिंग क्लासच्या काउंटरवर बसायची. तिथला जुना कॉम्प्युटर भंगारात निघाला, तो ती ऑटोत टाकून घरी घेऊन आली. स्पीकर मीच शकीलला देऊन टाकले, बहिऱ्याच्या घरात स्पीकर कशाला? आणि त्याच शकीलनं पुढच्या रविवारी अचलपूरहून येऊन मला त्या कॉम्प्युटरमध्ये गाण्यांचा एक प्लेअर टाकून दिला. गाणं लावलं की स्क्रीनवर उभ्या पट्ट्या गाण्याच्या तालावर वरखाली नाचायच्या. व्हिज्युअलायझर म्हणतात त्याला. डावीकडे खर्ज, उजवीकडे तार.

शकीलनं पाटीवर लिहिलं, "दिल्या, आता डोयानं ऐक."

मी म्हटलं, "याच्यात काय दिसते बे मले?"

त्यानं माझ्याच बांधणीचं एक गाणं लावलं. डावीकडची जाड पट्टी धप्प धप्प उठली… ढोलक. मधल्या पट्ट्यांची लाट गेली… माझा कीबोर्ड. मग मधोमध दोन पट्ट्या वर चढून थरथरत राहिल्या, खाली यायलाच तयार नाहीत. मी शकीलकडे बोट केलं. त्यानं मान हलवली. तो त्याचा आलाप होता. मी त्या दिवशी लहान पोरासारखा रडलो.

मग मला नादच लागला. प्लेअरची चौकट काढून टाकली, नुसती बटणं डेस्कटॉपच्या कोपऱ्यात चिकटवली. माझ्या जुन्या कीबोर्डच्या खटक्यांचे फोटो होते, त्यांतून ती बटणं मी स्वतः तयार केली. सुरू, थांबा, पुढे, मागे, आणि जे वाजतंय ते रेकॉर्ड करायला एक लाल. मागचा पडदा काळा केला. पट्ट्या संत्र्याच्या रंगाच्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत. बाकी सगळे आयकॉन लपवले. कॉम्प्युटर सुरू केला की फक्त माझं गाणं दिसावं. काही महिन्यांत मी नाव न बघता नुसत्या पट्ट्यांवरून गाणं ओळखायला लागलो. बोलणं आणि गाणं यातला फरकही कळायचा. गाण्यात पट्ट्या टिकतात. बोलण्यात उठतात आणि पडतात, मध्ये भोकं असतात.

हे एवढं लांबण लावलं, कारण पुढचं त्याशिवाय समजणार नाही.

उन्हाळा होता. त्या दिवसांत सकाळी गेलेली लाईट दुपारी यायची. वंदना त्या दिवशी क्लासमधून लवकर आली होती आणि मनूला जेवायला वाढत होती. घरी बसून असल्यामुळे स्वयंपाक मीच करायचो, त्या दिवशी वरण-भात केला होता. लाईट आली, मी कॉम्प्युटर सुरू केला. अजून गाणं लावलं नव्हतं. प्लेअरवर गाण्याचं नाव नाही, वेळ शून्यावर… आणि पट्ट्या हलत होत्या.

मी 'थांबा' दाबलं. थांबलेलंच होतं, आणखी काय थांबणार? पट्ट्या हलत राहिल्या. माईक नव्हता, इंटरनेट नव्हतं, सीडीचा खण रिकामा. आणि ते गाणं नव्हतं. कोणीतरी बोलत होतं. मी लाल बटण दाबलं.

थोडा वेळ ते चाललं, मग पट्ट्या पडल्या. रेकॉर्ड झालेलं परत लावून बघितलं, तर पुन्हा तशाच पट्ट्या. म्हणजे आवाज खरा होता. मला तर गंमतच वाटली. ओरडून वंदनाला हाक मारली. ती हात पुसत आली. "याच्यात कोणीतरी बोलून राहिलं, ऐक बरं काय आहे ते." तिनं पर्समधून मोबाइलचे इयरफोन काढून कॉम्प्युटरच्या मागे खोचले.

मी एक डोळा पट्ट्यांवर ठेवला, एक तिच्यावर. आधी ती हसत होती. मग माझ्याकडे बघून भुवया उडवल्या, 'तुमीच तर आहे' अशा अर्थी. मग पट्ट्या एकदम चढल्या आणि तिचा चेहरा… मी तो चेहरा दवाखान्यातही पाहिला नव्हता. तिनं इयरफोन ओढून काढले आणि दुसऱ्या खोलीत धावली.

मी मागे गेलो. मनू पाटावर बसून जेवत होती. वंदनानं तिच्या पुढ्यातलं ताट लाथेनं उडवलं, तिचा जबडा धरला आणि दोन बोटं घशापर्यंत घालून तोंडातला घास बाहेर काढला. मनू गुदमरली, ओकली, तिचं तोंड रडण्यानं वाकडं झालं. मला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. वंदनानं वरणाचं पातेलं उचलून मागच्या मोरीत ओतलं. भात ओतला. पाण्याचा माठही पालथा केला.

"काय झालं? अवं, काय झालं?" मी विचारत होतो. तिनं चाकू उचलून माझ्यासमोर धरला. माझी बायको. लग्नात माझ्या शेजारी मान खाली घालून बसलेली, झुरळाला घाबरणारी.

"काय आहे त्याच्यात? कोणाचा आवाज आहे?"

तिचे ओठ मला स्पष्ट वाचता आले. "तुमचा."

"मी काय बोललो? अवं मी तर काही…"

तिनं मला खोलीत ढकलून बाहेरून कडी लावली. दोन खोल्यांमधल्या खिडकीतून मला दिसलं, ती कॉम्प्युटरसमोर बसून सीडी तयार करत होती. क्लासमध्ये नोट्सच्या सीड्या तीच बनवायची, तिला ते येत होतं. नंतर कॉम्प्युटरवरचं रेकॉर्डिंग तिनं पुसून टाकलं. शेजारच्या काकूंनी येऊन माझी कडी काढली तोपर्यंत ती आणि मनू अकोल्याला तिच्या माहेरी निघून गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मी अकोल्याला गेलो. सासऱ्यांनी मला उंबरठा ओलांडू दिला नाही. मोठे सालस गृहस्थ, मला 'जवाईबुवा' म्हणायचे. त्यांनी सीडी ऐकली होती. मी हात जोडून म्हटलं, जुन्या कॅसेटमधलं स्टेजवरचं काही असेल, नाटकातलं असेल, कोणी नक्कल केली असेल. त्यांनी खिशातून पेन काढून माझ्याच तळहातावर लिहिलं – 'आवाज जुना नाही. आताचा आहे. बहिरेपणाचा.' आणि दार लावलं. आत मनू होती. दारापलीकडे ती मला हाका मारत होती की नाही, हे मला आजही माहीत नाही.

लोक म्हणाले, बहिऱ्याला टाकायचं होतं, बाईनं निमित्त शोधलं. मलाही काही दिवस तेच वाटलं. म्हणून शकीलला पाठवलं. म्हटलं, तू ऐकून ये, तू माझा आवाज ओळखतोस. तो परत आला तेव्हा माझ्याकडे बघत नव्हता. पाटीवर त्यानं लिहिलं, "वहिनी बराबर करून राहिली. जाऊ दे तिले."

"पण मी काय बोललो? तू तरी सांग!"

"मले नको विचारू."

"शकील, मी नाही बोललो. तुह्या गळ्याची शपथ."

त्यानं पाटी पुसली. मग लिहिलं, "यार, ते मी ऐकलं. तू नाही ऐकलं." चहा घेतला नाही. तो पुन्हा कधी आला नाही.

मग मी काय करणार? मला ते वाक्य हवं होतं. सगळ्या दुनियेनं ऐकलेलं माझं वाक्य एकट्या मलाच माहीत नव्हतं. रेकॉर्डिंग गेलं होतं, पण पट्ट्या मी तीनदा पाहिल्या होत्या. लाईट आल्यावर, परत लावल्यावर आणि वंदना ऐकत होती तेव्हा. मी बांधणी करणारा माणूस, चाल एकदा डोक्यात बसली की जात नाही. पहिले दोन ठोके बसके, मग चढ, मग भोक, मग एक लांब उतार… सगळं पाठ होतं. बाजारातून माईक आणला. म्हटलं, वाक्यं बोलून बघू, ज्या वाक्याच्या पट्ट्या जुळतील ते वाक्य.

आणि कुठून सुरू करायचं हेही मला माहीत होतं. वंदनानं मनूच्या तोंडातला घास काढला होता. म्हणजे वाक्य जेवणाचं होतं. विषाचं होतं. माझ्या बायकोचं आणि माझ्या लेकीचं होतं.

रोज दुपारी लाईट आली की मी दार लावून बसायचो. माईक तोंडाशी धरायचा आणि माणसानं मनातही आणू नये असं एकेक वाक्य बोलायचं. पट्ट्या बघायच्या. नाही जुळलं, शब्द बदल. मनूचं नाव आधी घे. नंतर घे. किती दिवस हे चाललं मी मोजलं नाही. पहिल्या दिवशी बोलताना मला उलटी झाली होती. नंतर नंतर काही वाटेनासं झालं, हेच जास्त वाईट. नुसती बांधणी करत होतो, गाण्याची करतात तशी.

एक गोष्ट माझ्या डोक्यातच आली नाही. मी बहिरा होतो, भिंती बहिऱ्या नव्हत्या.

एका दुपारी ते जुळलं. पहिल्या ठोक्यापासून शेवटच्या उतारापर्यंत, पट्टीला पट्टी. वाक्य वरणापासून सुरू होतं, पुढचं मी इथे लिहिणार नाही. धावत जाऊन दार उघडलं, कोणाला तरी सांगायला, की सापडलं. बाहेर अंगणात सगळी गल्ली उभी होती. काकूंनी पदर तोंडाला लावला होता. घरमालकानं माझी कॉलर धरली. त्याचे ओठ वाचता आले मला. "लेकराले जहर देतं काय बे? निंघ माह्या घरातून!" कोणीतरी दगड मारला, तो कपाळाला लागला. त्याची खूण अजून आहे. कॉम्प्युटर त्यांनी अंगणात आणून फोडला.

काकूंनी अकोल्याला फोन करून सगळं कळवलं. त्यांचंही काय चुकलं? त्यांनी कानांनी ऐकलं होतं.

मी बडनेऱ्याला एक खोली घेतली. तिथेच छोटं दुकान टाकून लग्नपत्रिका आणि बोर्डांची डिझाइनं करतो, बटणं रंगवता रंगवता हात त्यात बसला होता. इतकी वर्षं गेली. वंदनानं मला कधी पत्र पाठवलं नाही, मीही गेलो नाही.

गेल्या हिवाळ्यात एक मुलगी दुकानाच्या पायरीशी येऊन उभी राहिली. मी पत्रिकेचे नमुने पुढे केले. तिनं मोबाइलवर मोठ्या अक्षरांत टाइप करून मला दाखवलं – 'मी मनू.'

ती पुण्याला नोकरी करते. बसायला खुर्ची दिली, बसली नाही. मी विचारलं, "आई कशी आहे?" तिनं लिहिलं, 'बरी आहे. माझं लग्न ठरलंय. तुम्ही येऊ नका, एवढंच सांगायला आले. दुसऱ्या कोणाकडून कळलं तर तुम्ही याल, म्हणून स्वतः आले.'

मी म्हटलं, नाही येणार. मग हिंमत करून विचारलं, "तू ऐकलंस का ते?"

तिनं मान हलवली. हो म्हणून. आईनं दहावीनंतर ऐकवलं, असं टाइप केलं. मी विचारलं, काय आहे त्यात. तिनं अख्खं वाक्य टाइप करून मोबाइल माझ्यापुढे धरला. तेच होतं. मला सापडलेलं. शब्दन् शब्द, मनूचं नाव जिथे मी शेवटी बसवलं होतं तिथेच. त्याखाली तिनं आणखी एक ओळ लिहिली – 'आणि मग तुम्ही हसता.'

तेव्हा मला आठवलं. त्या दुपारी पट्ट्या जुळल्या तेव्हा मी हसलो होतो. मोठ्यानं, टाळी वाजवून. जुळलं म्हणून.

मी तिला सगळं सांगितलं, जसं आता तुम्हाला सांगितलं. की ते रेकॉर्डिंग त्या दिवसाचं होतं, ज्या दिवशी तुम्ही दोघी निघून गेलात. की मी ते बोललो ते नंतर, शोधता शोधता. आई घास काढते हे पाहिलं नसतं तर ते वाक्य मला सुचलंही नसतं. मी भराभर बोलत होतो, खूप मोठ्यानं बोलत असणार, कारण रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली. मनूनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग तिनं लिहिलं, 'नंतर का होईना, बोललात ना?'

मी म्हटलं, "हो."

तिनं मोबाइल पर्समध्ये ठेवला आणि स्टेशनकडे चालायला लागली.

साऊंडवाले म्हणतात, सैल वायर कधीकधी रेडिओ पकडते. पकडत असेल. पण जे अजून कोणी बोललंच नाही ते कुठल्या वायरीत येतं? आणि ते वाक्य मुळात कोणाचं? मी ते पट्ट्यांवरून उचललं, पट्ट्या माझ्या आवाजावरून उठल्या, मग पहिल्यांदा ते कोणाच्या मनात आलं? आणि मनूनं तर ते विचारलंही नाही.